प्लग वाचता येतो, त्याला दुधारी रेझर जमतो

ज्या घरात जुनी चेतक, लॅम्ब्रेटा किंवा येझदी अजून किकला उठते, त्या घरात वडिलांचा किंवा आजोबांचा दाढीचा रेझरही कुठल्यातरी डब्यात सापडतोच. खिडकीच्या गजाला टांगलेला आरसा, वाटीत कोमट पाणी, गोल साबणावर फिरणारं ब्रश आणि दाढी उरकल्यावर अंगणात स्कूटर तिरकी करून मारलेली किक, ही सत्तर-ऐंशीच्या दशकातली सकाळ पुष्कळांच्या डोळ्यांसमोर आहे. चेतक १९७२ साली आली. तिच्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे, त्यामुळे माणसं स्वतः पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन तिची उठाठेव करत. रेझर तर त्याहून साधं यंत्र. किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली ज्याचं पेटंट मिळालं, तीच रचना अजून चालते: दोन पट्ट्यांच्या मध्ये वाकवून धरलेलं पातळ ब्लेड आणि खालून आवळणारी मूठ.

जुन्या गाडीवर हात काळे केलेल्यांना अशा दुधारी रेझरने दाढी करायचा छंद लवकर जमतो. गॅरेजमधला एक नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. कार्ब्युरेटरचा स्क्रू, पॉइंट आणि प्लग तिन्ही एकदम हलवले, तर गाडी कशाने सुधारली आणि कशाने बिघडली हे कधीच कळत नाही. दाढीतही पहिले तीस दिवस एकच रेझर, एकाच कंपनीचं ब्लेड, एकच साबण ठेवा. फक्त हात बदलू द्या.

काय घ्यायचं

रेझर मवाळ घ्या. बंद कडेचा, म्हणजे ब्लेडखालची पट्टी कंगव्यासारखी दातेरी नसलेला. मर्कुर ३४सी, एडविन जॅगर डीई८९, म्युले आर८९ हे जगभर नवशिक्यांना सुचवले जाणारे रेझर आहेत. पार्करचे रेझर भारतातच बनतात. मवाळपणाचं एक ढोबळ माप म्हणजे ब्लेडची धार आणि खालची कड यांमधली फट. मवाळ रेझरमध्ये ती साधारण ०.६ ते ०.७ मिमी असते. एक मिमीच्या वर गेली की तो रेझर नवशिक्याचा नव्हे. ज्या फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीने, टू-स्ट्रोकच्या प्लगचा गॅप बघता, तिनेच ही फटही बघता येते. मात्र गेज धारेला घासू देऊ नका, नाहीतर ब्लेड तिथेच बोथट होईल. नुसत्या फटीवरून सगळं ठरतही नाही. ब्लेडची धार वरची टोपी आणि खालची कड यांना जोडणाऱ्या रेषेच्या किती बाहेर डोकावते, त्यालाही तेवढंच महत्त्व आहे.

ब्लेडच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. किराणा दुकानात आजही दुधारी ब्लेड मिळतं आणि एका ब्लेडची किंमत काही रुपयांतच आहे. सुरुवातीला मध्यम धारेचं एक पाकीट घ्या. जिलेट विल्किन्सन स्वोर्ड किंवा सुपरमॅक्स चालेल. ‘फेदर’ हे जपानी ब्लेड सगळ्यांत धारदार मानलं जातं, ते दोन महिन्यांनी बघा. सगळी दुधारी ब्लेडं एकाच मापाची असतात. जिलेटने १९३० च्या सुमारास मधली भोकं बदलून लांब खाच केली, तरी त्याआधीच्या तीन खुंट्यांच्या रेझरमध्येही आजचं ब्लेड बसतं. शंभर वर्षांच्या यंत्राला आजचा सुटा भाग इतक्या सहज मिळावा, हे सुख लॅम्ब्रेटावाल्यांनाही नाही.

ब्रश तीन प्रकारचं: डुकराच्या केसांचं, बिज्जूच्या केसांचं आणि सिंथेटिक. पहिलं ब्रश सिंथेटिक घ्या. ते भिजत घालावं लागत नाही, लवकर वाळतं, आपल्या पावसाळ्यात त्याला वास येत नाही, आणि शाकाहारी घरात त्यावरून प्रश्न निघत नाही. डुकराच्या केसांचं ब्रश स्वस्त आणि कणखर असतं, पण नवं असताना वास येतो आणि दहा-पंधरा दाढ्यांनंतर केसांची टोकं फाटली की मगच ते मऊ होतं. प्राणिजन्य चरबी टाळायची असेल तर साबणावरची घटकांची यादीही वाचा. परदेशी साबणांत बरेचदा चरबी असते, आणि वनस्पती तेलाचेही चांगले साबण मिळतात. शिकण्यासाठी साबणाच्या वडीपेक्षा ट्यूबमधलं क्रीम सोपं, कारण ते दररोज तेवढंच मोजून घेता येतं. बुडबुडे काढून येणारा डब्यातला तयार फोम मात्र नको. त्यात पाणी किती हे आपल्या हातात राहत नाही.

बाकी लागते ती तुरटीची गुळगुळीत वडी, एक खोलगट वाटी आणि पंचा.

डब्यातला जुना रेझर वापरता येईल का?

बहुतेक वेळा येतो. जुने रेझर पितळेचे, त्यावर निकेल किंवा क्रोमचा मुलामा. नंतरच्या स्वस्त रेझरचं डोकं जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, म्हणून ओळख मुलामा उडालेल्या जागेवरून करा: खाली पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी आणि खड्डे पडलेलं दिसलं तर जस्त. पितळेचा रेझर वाचवता येतो. जस्ताचं डोकं आतून पोखरलं असेल, किंवा आटे खाल्ले गेले असतील, तर तो आठवण म्हणून ठेवा, तोंडाला लावू नका.

साफ करताना टोपी, पट्टी आणि मूठ हे तिन्ही तुकडे सोडवून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब टाकून पंधरा मिनिटं भिजवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पांढरा चिवट थर राहिला तर तो साबण आणि क्षार यांचा. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर करून दोन-तीन मिनिटं बुडवा, लगेच धुवा. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलेल्या रेझरचा मुलामा जातो. इथेच गाडीवाल्यांच्या हातून चूक होते. क्रोमच्या बंपरवर चालतो म्हणून ब्रासो पॉलिश काढून रेझर चकचकीत होईपर्यंत घासला जातो, आणि निकेलचा पातळ थर पितळेपर्यंत उतरतो. ब्रासो फक्त उघड्या पितळेवर वापरा. मुलामा असेल तर साधी टूथपेस्ट बोटाने, तीही हलकेच.

मूठ फिरवली की फुलपाखरासारखी दारं उघडणाऱ्या रेझरची यंत्रणा जड झाली असेल, तर गरम पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आत सोडा. शेवटी ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दहा मिनिटं ठेवा. बेकलाइटची किंवा रंगवलेली मूठ असेल तर ती वेगळी ठेवा आणि फक्त कापसाने पुसा. उकळत्या पाण्यात काहीही घालू नका.

मग सरळपणा तपासायचा. खालची पट्टी काचेवर ठेवा. डुगडुगत असेल तर ती वाकलेली आहे. ब्लेड बसवून समोरून बघा, दोन्हीकडे धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे. एकीकडे जास्त, एकीकडे कमी अशा रेझरने कितीही जपून दाढी केली तरी एक गाल कापलाच जातो.

जुनं ब्रश मात्र टाकून द्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्सची लागण झालेली आहे. तेवढ्या टोकाला जायला नको, पण चाळीस वर्षं दमट डब्यात पडलेल्या केसांत काय आहे हे घरी कळायला मार्ग नाही.

पाणी आणि फेस

दाढीचा निम्मा निकाल इथेच लागतो. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो फुगतो, मऊ होतो आणि कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. म्हणून अंघोळीनंतर दाढी करा. ते जमत नसेल तर चेहरा साबणाने धुऊन, गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटं धरा. चेहरा पुसायचा नाही.

फेसासाठी मध्यम बदामाएवढं क्रीम वाटीत घ्या. ब्रश भिजवून झटका, ओलं राहील पण ठिबकणार नाही इतकं. अर्धा मिनिट नुसतं फिरवा. घट्ट, पांढरी पेस्ट होईल. बहुतेक जण इथे थांबून ती तोंडाला फासतात, आणि रेझर अडखळतो. आता बोटं बुडवून पाच-सहा थेंब पाणी टाका, वीस सेकंद फिरवा, पुन्हा थेंब, पुन्हा फिरवा. असं चार-पाच वेळा. एवढं पाणी सहज मुरतं. हवा तो फेस फेटलेल्या घट्ट दह्यासारखा दिसतो: चमक असलेला, डोळ्याला बुडबुडे न दिसणारा, ब्रश उचललं की टोक काढून वाकणारा. श्रीखंडासारखा दाट आणि निस्तेज असेल तर पाणी कमी. मोठे बुडबुडे येऊन तोंडावर लगेच विरत असेल तर पाणी एकदम जास्त पडलं. थोडं क्रीम घालून पुन्हा फिरवा. खात्रीसाठी फेस बोट आणि अंगठ्यात चोळा, निसरडा लागला पाहिजे. तोंडावर नुसता फेस असून उपयोग नाही, निसरडेपणाच रेझरला वाट देतो.

कितीही फिरवलं तरी फेस बसतच नसेल, तर दोष बहुधा पाण्याचा. बोअरच्या क्षाराच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून दह्याच्या चोथ्यासारखा साका करतात, तोच वाटीच्या कडेला चिकटलेला दिसतो. मुंबईत तानसा-वैतरणा-भातसाचं मऊ पाणी मिळतं, तिथे ही तक्रार क्वचितच. बोअरवर चालणाऱ्या सोसायटीत आणि मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांत ती हमखास भेटते. उपाय सोपा: फेसापुरतं पिण्याच्या आरओ फिल्टरचं पाणी घ्या, अर्धी वाटी पुरते. बॅटरीत डिस्टिल्ड पाणी का घालतात हे ज्याला माहीत आहे, त्याला याचं कारण समजवावं लागत नाही.

फेस गोल गोल फिरवत, केस उभे राहतील असा एक मिनिट लावा. ब्रश दाबून बुडापासून पिचकवू नका, केसांची टोकंच काम करतात.

ब्लेड बसवणं

रेझर सोडवा, टोपी उलटी हातात धरा, ब्लेड आखूड बाजूंनी पकडून खुंट्यांवर ठेवा, वर पट्टी ठेवा. मूठ आवळताना ब्लेडची दोन्ही टोकं, म्हणजे बिनधारेच्या बाजू, चिमटीत धरून ठेवा. मूठ फिरते तशी पट्टी किंचित सरकते आणि ब्लेड तिरकं बसतं. चिमटीत धरलं की ते सरळ राहतं. हाताने घट्ट होईल एवढंच आवळा. पक्कड लावली की आटे गेलेच.

पहिला हात

त्याआधी, दाढी वाढलेली असताना, एका दिवशी केसांची दिशा बघून ठेवा. बोट फिरवा: गुळगुळीत लागलं तर केसांच्या दिशेने, खरखरीत लागलं तर उलट. गालावर केस बहुतेकांचे वरून खाली जातात. गळ्यावर मात्र काहींचे खालून वर, काहींचे आडवे, काहींना भोवराही असतो. कागदावर चेहऱ्याचं ढोबळ चित्र काढून बाण मारा. नवशिक्यांचा गळा सोलवटतो तो बहुतेक या नकाशाअभावी.

रेझर मुठीच्या टोकाजवळ, तीन बोटांत सैल धरा. टोपी गालाला टेकवा, मूठ जवळजवळ आडवी राहील. आता मूठ हळूहळू खाली आणत हलका हात फिरवा. एका जागी केस कापल्याचा खर्र असा स्वच्छ आवाज येईल. तिथे ब्लेडचा त्वचेशी कोन साधारण तीस अंशांचा असतो. तोच कोन धरून चला. न्हाणीघराचा पंखा बंद ठेवा, कारण पहिले काही दिवस डोळ्यांपेक्षा कान जास्त शिकवतात, जसं इंजिनचं मिसिंग आधी कानाला कळतं.

दाब द्यायचा नाही. रेझर साठ ते शंभर ग्रॅमचा असतो आणि तेवढं वजन पुरतं. कार्ट्रिजच्या रेझरचं डोकं हलतं, ते दाब सोसून घेतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हाताला दाबायची सवय लागलेली असते. ती मोडायला दोन आठवडे लागतात. या लेखातली एकच गोष्ट पाळणार असाल तर ही पाळा.

हात दोन-तीन सेंटिमीटरचे, आखूड मारा. दुसऱ्या हाताने कातडी ताणा. दोन-तीन हातांनंतर रेझर उलटा करून दुसरी धार वापरा, मग दोन्ही पाण्यात विसळा. फेस नसलेल्या जागेवर रेझर परत फिरवू नका. राहिलेलं दिसलं तर आधी फेस. क्रम असा ठेवा: आधी कल्ले आणि गाल, मग जबड्याची कड, मग गळा, शेवटी ओठांवरची जागा आणि हनुवटी. तिथले केस जाड असतात, तेवढा वेळ त्यांना भिजायला मिळतो.

अवघड जागा तीन. जबड्याच्या कडेला हाडावरून रेझर वळवू नका, कातडी वर गालावर ओढून सपाट करा आणि मग कापा. कंठमण्यावरची कातडी बाजूला सरकवून त्या सपाटीवर दाढी करा. नाकाखाली वरचा ओठ दातांवर खाली ओढून धरा आणि हात एक सेंटिमीटरहून लांब नको.

सगळा चेहरा झाला की हा झाला एक हात, केसांच्या दिशेने. पहिले दोन आठवडे इथेच थांबा. थोडे खुंट हाताला लागतील, लागू द्या. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा मारा. केसांच्या उलट दिशेचा तिसरा हात महिन्यानंतर, तोही फक्त गालावर. गळ्यावर उलटा हात अनेकांना कधीच सोसत नाही: केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आत वळतो आणि फोड येतो. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त.

तुरटी

थंड पाण्याने चेहरा धुवा, तुरटीची वडी ओली करून सगळीकडे फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि धुऊन टाका. तशीच ठेवली तर कातडी कोरडी पडते. बारीक रक्त थांबतं हा तिचा उपयोग सगळ्यांना ठाऊक आहे. शिकणाऱ्यासाठी तिचा मोठा उपयोग वेगळाच आहे. प्लग काढून त्याचा रंग बघतात ना, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, तशी तुरटीची चुरचुर वाचायची.

कुठेच चुरचुरलं नाही, तर हात बरोबर पडला. फक्त गळ्यावर चुरचुरलं, तर तिथे दाब पडला किंवा दिशा चुकली. नकाशा पुन्हा बघा. सगळ्या चेहऱ्यावर सारखंच चुरचुरलं, तर हाताआधी फेस आणि ब्लेड यांच्यावर संशय घ्या: फेस कोरडा होता किंवा ब्लेड संपलं. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके म्हणजे दाब, किंवा कोन जास्त उभा. सरळ रेघेची चीर पडली तर रेझर आडवा सरकला, आणि हे बहुतेक ओठाजवळ घाईत होतं. तारीख आणि चुरचुरीची जागा वहीत लिहून ठेवा. दोन आठवड्यांत आपला दोष आपल्यालाच दिसतो.

त्यानंतर साधं मॉइश्चरायझर किंवा कोरफडीचा गर. मुरुमं उठलेली असतील तर त्या जागा सोडा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

ब्लेड किती दिवस, आणि नंतर कुठे

तीन ते पाच दाढ्या. केस ओढल्यासारखा वाटला की त्याच क्षणी ब्लेड बदला, दाढी अर्धी झालेली असली तरी. नवं ब्लेड पहिल्याच दिवशी ओढत असेल तर ते तुमच्या दाढीला लागू नाही. पाकीट संपवायचा हट्ट नको. पूर्वी ब्लेड काचेच्या पेल्याच्या आतून घासून पुन्हा धार काढत. आजच्या ब्लेडच्या धारेवर पातळ लेप असतो, घासलं की तोच आधी जातो. त्याच कारणाने ब्लेड पंचाने पुसायचं नाही. दाढी झाल्यावर मूठ अर्धा फेरा सैल करा, नळाखाली धरा, झटका, उभा ठेवा. ब्रश विसळून झटका आणि खिडकीजवळ ठेवा, बंद कपाटात नको.

केबिनच्या सामानात विमानतळावर ब्लेड चालत नाही. ते चेक-इनच्या बॅगेत टाका.

वापरलेलं ब्लेड कचऱ्याच्या पिशवीत कधीही सुटं टाकू नका. ती पिशवी पुढे कोणीतरी उघड्या हाताने निवडणार असतं. पत्र्याचा बंद डबा घ्या, झाकणाला पातळ खाच पाडा, झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद करा आणि ब्लेड त्या खाचेतून आत सोडा. छोटा डबासुद्धा कित्येक वर्षं पुरतो. भरला की खाचेवर पट्टी मारा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि भंगारवाल्याच्या हातात देताना आत काय आहे ते तोंडाने सांगा.